अंगणवाडीची वही

मुलांनो, अंगणवाडी तुम्ही पाहिलीच असेल. तुमच्यापैकी कित्येकजण तेथेच बडबडगीते शिकले असतील. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून या अंगणवाड्या उभ्या राहिल्या.

सेविकाताईंचे अवघड काम असते ते नोंदी ठेवण्याचे. कोणाला आहार दिला, कोणाचे वजन किती भरले, हे सारे निरनिराळ्या वह्यांत टिपावे लागे. वही कपाटात राही, आणि एखादे बालक खंगत चालले आहे हे वरच्या कचेरीला कळावयास फार विलंब लागे.

२०२१ साली ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाइल ॲप आले व या नोंदी त्यात होऊ लागल्या. वय, वजन व उंची भरताच ॲप त्यांची प्रमाण तक्त्याशी तुलना करते. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असेल, तर बालक तीव्र कुपोषित असल्याचे तत्काळ दिसते.

परंतु आरंभी हे ॲप इंग्रजीत होते! ज्या ताईंनी वर्षानुवर्षे मराठीत वह्या लिहिल्या, त्यांनी काय करावे? शिवाय मोबाइलही वारंवार बिघडत. त्याच वर्षी महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी ते शासनाला परत केले. त्यांचे गाऱ्हाणे रास्तच होते. पुढे ॲप मराठीतही आले.

वजन मात्र ताईंनाच करावे लागते. रडणारे बालक काट्यावर स्थिर राहत नाही. आकडा चुकतो, आणि तो चुकीचा आकडा ॲप निमूटपणे खरा मानते. मग ताई बालकाला चुचकारतात, उगी करतात आणि पुन्हा काट्यावर ठेवतात.