कामगार रुग्णालयांतील बदल कोणी घडवावयाचा?

सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत औषधांसाठी लागणारी रसायने तयार होतात. ती तयार करणारा कामगार आजारी पडला म्हणजे मात्र पाळी बुडवावी की दुखणे अंगावर काढावे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. 1948 च्या कायद्याने कामगारांना राज्य विम्याचा आधार मिळाला. 1 जुलै 2019 पासून त्यासाठी कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के वर्गणी घेतली जाऊ लागली. तेव्हा ही सेवा म्हणजे धर्मादाय नव्हे. कामगाराने तिची किंमत आगाऊ मोजलेली आहे. ती सुधारावयाची कशी, या विचारात त्याला स्थान असलेच पाहिजे.

रुग्णालयांच्या सुधारणेची गोष्ट निघाली की अलीकडे व्यवस्थापनशास्त्राचे दाखले दिले जातात. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने 1947 साली मांडलेली त्रिसूत्री त्यांत अग्रभागी असते : जुनी घडी आधी सैल करा, मग बदल करा आणि नवी घडी पक्की बसवा. सिद्धान्त सरळ आहे. आमच्याकडे मधली पायरी तेवढी उरकली जाते. आम्ही शिक्षकी पेशात होतो तेव्हा तपासनीस यावयाच्या आदल्या दिवशी भिंतींवर नवे तक्ते लागत आणि त्यांची पाठ फिरताच कपाटात जात. रुग्णालयात येणाऱ्या नव्या अधीक्षकाची, नव्या संगणकाची गतही पुष्कळदा तीच होते. कारण औषधांच्या खिडकीवरील माणसाला आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला कोणी काही विचारलेलेच नसते.

याहून निराळे नेतृत्व पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम आरंभिले. खेडोपाडी प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याची त्यांची पहिली योजना जमली नाही. गावाला त्या परक्या वाटल्या. आरोळे दांपत्याने आपलीच योजना मोडली आणि गावातल्याच स्त्रियांना, त्यांत कित्येक निरक्षर व दलित, बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची विद्या दिली. डॉक्टरांनी आपला अधिकार असा आपण होऊन वाटून टाकावा, ही लहान गोष्ट नव्हे. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वसाहत म्हणजे खेडे नव्हे, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. कंत्राटी कामगार आज या कारखान्यात, तर उद्या दुसऱ्या. तथापि दवाखान्याची वेळ पाळीशी जुळते का, रजेच्या दाखल्यासाठी किती खेपा पडतात, कोणते औषध बाहेरून आणावे लागते, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? कामगार, परिचारिका व डॉक्टर यांची एक समिती नेमावी आणि दवाखान्याच्या वेळा ठरविण्याचा अधिकार तिला द्यावा; नुसत्या शिफारशी करणारी समिती नको. तिची पहिली बैठक मुंबईत वा जिल्हा कचेरीत न भरविता चिंचोळीतच, पाळी सुटण्याच्या वेळी, बोलवावी.