शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला तर

कायदा : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. लागू २६ ऑक्टोबर २००६ पासून.

• हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. लैंगिक छळ, शिवीगाळ, घरखर्च अडवणे, स्त्रीधन काढून घेणे हेही त्यात येते.

• पत्नीसोबत आई, बहीण, लग्नाविना एकत्र राहणारी जोडीदार यांनाही संरक्षण.

• कलम ४ : शेजारी, नातलग, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. अनेक जण नेमके अशी जबाबदारी येईल या भीतीने गप्प बसतात.

• ‘बेल बजाओ’ मोहीम (२००८) : दाराची बेल वाजवायची, काहीतरी किरकोळ निमित्त सांगायचे. तेवढ्याने उगारलेला हात थांबू शकतो.

• तातडीची मदत : ११२. महिला हेल्पलाइन : १८१.