कात्रीआधी नजर फिरवा
(लेखमाला : बागेचं आरोग्य, लेखांक ९)

गेल्या आठवड्यात आपण गुलाबावरचे काळे डाग पाहिले. आज युरोपातल्या बॉक्स नावाच्या झुडपाच्या कुंपणाकडे वळू. फ्रान्स-इंग्लंडमधल्या जुन्या बागांत वाफ्यांच्या कडेनं गुडघाभर उंचीच्या, काटेकोर कापलेल्या हिरव्या भिंती दिसतात, त्या बहुतेक याच झाडाच्या. पान नखाएवढं, वाढ संथ, छाटणी कितीही सोसणारं. अशा झाडाला गेल्या तीसेक वर्षांत दोन शत्रूंनी जेरीस आणलं आहे.

पहिला शत्रू म्हणजे पानं करपवणारी बुरशी. १९९४ मध्ये ती इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये आढळली. पानांवर तपकिरी डाग पडतात, कोवळ्या काड्यांवर काळ्या उभ्या रेघा उमटतात आणि बघता बघता फांद्या उघड्या पडतात. हिचे बीजाणू चिकट असतात. ते पाण्याच्या शिंतोड्यांतून, कात्रीच्या पात्यावरून, माळ्याच्या कपड्यांवरून पसरतात आणि गळलेल्या पानांत वर्षानुवर्षं तग धरतात. दाट छाटलेल्या कुंपणात वारा खेळत नाही, पानं ओली राहतात आणि बुरशीचं फावतं. म्हणजे ज्या टापटिपीसाठी आपण राबतो, तीच रोगाला आसरा देते.

दुसरा शत्रू पूर्व आशियातला पतंग. पांढऱ्या पंखांना तपकिरी किनार असलेला हा पतंग २००७ मध्ये जर्मनीत सापडला. तो आला रोपांच्या व्यापारातून. २०१४ च्या ऑलिंपिकसाठी रशियातल्या सोचीत इटलीहून बॉक्सची रोपं आणली गेली. त्यांच्यासोबत अळ्याही उतरल्या आणि कॉकेशसच्या डोंगरांतली बॉक्सची पुरातन रानं त्यांनी ओरबाडून टाकली.

या अळीची गंमत अशी, की ती आतून खाते. बाहेरून कुंपण हिरवंगार दिसत असतं. दोन्ही हातांनी पानं बाजूला केली, की जाळी बोटांना चिकटते, जाळीत हिरवट विष्ठेचे बारीक दाणे अडकलेले असतात आणि काळ्या डोक्याची, अंगावर काळे पट्टे असलेली हिरवी अळी पानाचा लगदा खात बसलेली सापडते. पानाची नुसती शीर उरते.

उपाय काय? अळ्या थोड्या असतील तर हातानं वेचाव्यात. पतंग कधी उडू लागले ते कामगंध सापळ्यावरून कळतं. अळ्या लहान असतानाच बीटी जीवाणूची फवारणी लागू पडते. बीटी कापसामुळे आपल्याला हे नाव ओळखीचं आहे. फवारा आतल्या पानांपर्यंत पोचायला हवा, कारण बीटी अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं.

बुरशीसाठी मात्र शिस्त हेच औषध. छाटणी कोरड्या हवेतच करावी. पाणी बुडाशी द्यावं. रोगट फांद्या खालपर्यंत कापून, पाचोळ्यासकट गोळा करून नष्ट कराव्यात, त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. एका कुंपणावरून दुसऱ्याकडे जाताना पातं धुऊन निर्जंतुक करावं. नवी रोपं काही आठवडे वेगळी ठेवून मगच लावावीत.

आपल्याकडे मेंदी, दुरांटा, कामिनी यांची कुंपणं असतात. रोग-किडी निराळ्या, पण सोसायटी-सोसायटीतून फिरणारी कात्री तीच. ती पुसायला दोन मिनिटं लागतात. आजारी फांदीवरून तिला निरोगी झाडावर नेऊ नका.

पुढच्या आठवड्यात : जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण.