रोह्यात टाइप केलेला अर्ज पेणला गेल्यावर का विस्कटतो? खोट स्पेसबारमध्ये आहे

अर्ज रोह्यात टाइप झाला. पेन ड्राइव्हमध्ये घेतला. पेणला दुसरं काम होतं म्हणून तिथल्याच एका दुकानात प्रिंटला दिला. फाइल उघडली आणि बघावं तर मधोमध असलेलं शीर्षक डावीकडे सरकलेलं, 'आपला विश्वासू' दोन ओळींत तुटलेलं आणि सहीची जागा एकटीच तिसऱ्या पानावर जाऊन बसलेली.

अलिबागच्या कार्यालयात अर्ज द्यायची शेवटची तारीख तीच असेल, तर पुढची अर्धा तास पळापळ ठरलेली. दुकानदार फाइल नीट करून देतो, पण त्याचे पैसे वेगळे. दोन पानांचा अर्ज तीन पानांचा झाला, तर प्रिंटचेही जास्त.

अशा वेळी खापर फुटतं ते दुकानदाराच्या कंप्युटरवर, नाहीतर व्हायरसवर. बऱ्याचदा दोघांचाही दोष नसतो. अर्ज टाइप करतानाच तो विस्कटणार हे ठरलेलं असतं. आणि ते टाळायला लागतात फक्त सात-आठ कीबोर्ड शॉर्टकट.

ही सवय आली कुठून?

टाइपरायटरवर शीर्षक मधोमध आणायचं बटण नव्हतं. शीर्षकातली अक्षरं मोजायची, निम्मी करायची, कागदाच्या मध्यापासून तितकं मागे यायचं आणि मग टाइप करायचं. शब्द ठळक हवा असेल तर त्याच जागी पुन्हा टाइप करायचं. अधोरेखित हवा असेल तर मागे येऊन खाली रेघ मारायची.

हे जमायचं, कारण टाइपरायटरवर प्रत्येक वेळी गाडी ठरावीक अंतरच सरकायची. वीस वेळा स्पेस दिली की वीस घरं सरकली, हिशोब पक्का. भारतात गोदरेजने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली. पुढची कित्येक दशकं सरकारी कार्यालयं, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट आणि गावोगावचे टायपिंग क्लास याच हिशोबावर चालले.

मशीन गेलं, सवय राहिली. शिकवणाऱ्यांकडून ती शिकणाऱ्यांकडे आली. म्हणून ज्यांनी आयुष्यात टाइपरायटरला हात लावला नाही, तेही वर्डमध्ये स्पेसबार दाबून दाबून शीर्षक मध्ये आणतात आणि एंटर मारून मारून नवं पान सुरू करतात.

कंप्युटरवर हा हिशोब का चुकतो?

कंप्युटरवर स्पेसची रुंदी ठरलेली नसते. ती फॉन्टप्रमाणे बदलते. रोह्यातल्या कंप्युटरवर जो फॉन्ट आहे तो पेणच्या कंप्युटरवर नसेल, तर वर्ड त्याच्या जागी दुसरा फॉन्ट वापरतो. त्या फॉन्टची स्पेस थोडी अरुंद असेल, तर पंचवीस स्पेस देऊन मधोमध आणलेलं शीर्षक डावीकडे सरकणारच.

कागदाचंही तेच. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. लीगल कागद त्याहून थोडा रुंद आणि बराच लांब. फाइल एका मापावर बनवली आणि प्रिंटच्या वेळी माप बदललं, की एंटर मारून खाली ढकललेला मजकूर भलत्याच जागी जातो.

शॉर्टकटचं काम इथेच सुरू होतं. स्पेस दिल्यावर कंप्युटरला कळतं, 'इथे पंचवीस रिकाम्या जागा आहेत.' कंट्रोल + ई दाबल्यावर कळतं, 'ही ओळ मधोमध हवी आहे.' पहिली आहे जागा, दुसरी आहे सूचना. फॉन्ट बदलो, कागद बदलो, सूचना फाइलसोबत जाते आणि मध्य नव्याने मोजला जातो. शॉर्टकटने वेळ वाचतो हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काम टिकतं.

झेरॉक्सचा असाही एक संबंध

पेण-रोह्यात फोटोकॉपीला सगळे 'झेरॉक्स'च म्हणतात. ज्या कंपनीचं हे नाव, तिच्याच कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी 'ब्राव्हो' नावाचा प्रोग्रॅम तयार केला. स्क्रीनवर जसं दिसतं तसंच कागदावर उमटावं, ही त्यामागची कल्पना. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड बाजारात आलं.

कोणते शॉर्टकट पाठ करायचे?

आधी एक फरक लक्षात घ्या. फॉरमॅटिंग दोन प्रकारचं असतं, अक्षरांचं आणि परिच्छेदाचं.

अक्षरांचं करायचं असेल तर तेवढा मजकूर आधी सिलेक्ट करावा लागतो:

- कंट्रोल + बी : ठळक
- कंट्रोल + यू : अधोरेखित
- कंट्रोल + उजवा चौकोनी कंस : अक्षर एका पॉइंटने मोठं
- कंट्रोल + डावा चौकोनी कंस : एका पॉइंटने लहान

परिच्छेदाचं करायचं असेल तर सिलेक्ट करायची गरज नाही. त्या परिच्छेदात कुठेही कर्सर असला की पुरे:

- कंट्रोल + ई : मधोमध
- कंट्रोल + एल : डावीकडे
- कंट्रोल + आर : उजवीकडे
- कंट्रोल + जे : दोन्ही कडा सरळ
- कंट्रोल + एम : अख्खा परिच्छेद अर्धा इंच आत
- कंट्रोल + १, २ किंवा ५ : ओळींतलं अंतर एकपट, दुप्पट किंवा दीडपट. हे आकडे कीबोर्डच्या वरच्या ओळीतले, बाजूच्या नंबरपॅडवरचे नाहीत.

आणि सगळ्यात जास्त पळापळ वाचवणारा शॉर्टकट म्हणजे कंट्रोल + एंटर. तो दाबला की पुढचा मजकूर नव्या पानावरच सुरू होतो, मग वर कितीही ओळी वाढोत किंवा कमी होवोत.

सेंटरसाठी ई का, असा प्रश्न पडला असेल तर असं लक्षात ठेवा: सी आधीच कॉपीला गेला आहे, म्हणून सेंटरमधलं दुसरं अक्षर.

एक अर्ज करून बघू

समजा ग्रामपंचायतीकडे पाण्याच्या जोडणीसाठी अर्ज करायचा आहे. आधी सगळा मजकूर सरळ टाइप करून घ्या. सजावट करायला मध्ये थांबू नका. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावरच मारा.

आता 'विषय' या ओळीत कर्सर ठेवून कंट्रोल + ई. तीच ओळ सिलेक्ट करून कंट्रोल + बी. मुख्य मजकुरात कंट्रोल + जे. तारीख उजवीकडे हवी असेल तर त्या ओळीत कंट्रोल + आर. शेवटी 'आपला विश्वासू', सही आणि नाव या ओळी सिलेक्ट करून कंट्रोल + एम सात-आठ वेळा. तिन्ही ओळी एकाखाली एक, एका रेषेत उजवीकडे सरकतात. अर्जासोबत कागदपत्रांची यादी वेगळ्या पानावर हवी असेल तर तिच्या आधी कंट्रोल + एंटर.

दरपत्रकाचं थोडं वेगळं. हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्याला मूर्तीची उंची आणि किंमत लिहायची असो, की पेणच्या एखाद्या बचत गटाला पापड-मिरगुंडांचे भाव, दोन रकाने स्पेस देऊन जुळवू नका. ते हमखास वाकडे होतात. ऑल्ट, मग एन, मग टी अशी बटणं एकामागोमाग दाबली की वर्डमध्ये तक्त्याचा मेनू उघडतो. तक्ता घ्या आणि एका घरातून दुसऱ्या घरात टॅबने जा.

कीबोर्ड मराठीवर असला तर?

तरीही चालतात. इन्स्क्रिप्ट मांडणीत बीच्या बटणावर 'व' आहे, पण विंडोजवर कंट्रोलसोबत ते बटण दाबलं की मजकूर ठळकच होतो. शॉर्टकटसाठी भाषा बदलून इंग्रजीत यायची गरज नाही. एरवी भाषा बदलायची असेल तर विंडोजचं बटण + स्पेसबार.

मात्र काही शॉर्टकट मराठीत निरुपयोगी आहेत. शिफ्ट + एफ-थ्री दाबल्यावर इंग्रजी अक्षरं लहानाची मोठी होतात. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही, त्यामुळे काहीच होत नाही. मराठीत एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर ठळक करणं हाच सरळ उपाय.

जुन्या फॉन्टचा सापळा

फॉरमॅटिंग बिघडलं तर ते काढून टाकायचेही शॉर्टकट आहेत. कंट्रोल + स्पेसबार अक्षरांचं फॉरमॅटिंग काढतो, कंट्रोल + क्यू परिच्छेदाचं. पण मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर कंट्रोल + स्पेसबार दाबण्याआधी थांबा. सगळं मराठी गायब होऊन इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसू शकतो. घाबरू नका, कंट्रोल + झेड दाबा, मजकूर परत येईल.

असं होतं, कारण कृतिदेवमध्ये डीचं बटण दाबल्यावर दिसतो 'क', पण फाइलमध्ये साठवलेला असतो इंग्रजी डीच. फॉन्टने त्याला फक्त 'क'चा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट हे फॉरमॅटिंग असल्यामुळे ते काढलं की मुखवटाही जातो. रोह्यातली फाइल पेणला 'वाचताच येत नाही' असं होतं, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

युनिकोडमध्ये हा प्रश्न नाही. तिथे प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला स्वतःचा क्रमांक आहे. 'पेण' हा शब्द कंप्युटरसाठी २३४६, २३७५, २३३९ असा आहे: प, एक मात्रा आणि ण. फॉन्ट कोणताही असो, हे आकडे बदलत नाहीत. अक्षराचं वळण बदलेल, पण पेणचं पेणच राहील. हात रेमिंग्टन मांडणीवर बसला असेल, तरी त्याच मांडणीने युनिकोडमध्ये टाइप करायची सोय आहे.

वर्ड नसेल तर?

प्रत्येकाकडे वर्ड असेलच असं नाही. मोफत मिळणाऱ्या लिब्रे ऑफिस रायटरमध्ये ई, एल, आर, जे हे चारही शॉर्टकट तसेच आहेत. फक्त तिथे कंट्रोल + एम दाबलं तर परिच्छेद आत सरकत नाही, उलट हाताने केलेलं फॉरमॅटिंग निघून जातं.

गुगल डॉक्समध्ये या चार अक्षरांसोबत शिफ्टही दाबावं लागतं, म्हणजे मधोमधसाठी कंट्रोल + शिफ्ट + ई. ठळक आणि अधोरेखितचे शॉर्टकट मात्र सगळीकडे सारखेच.

नोकरीच्या परीक्षेत याचा काय उपयोग?

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टायपिंगचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द लागतो. त्यासाठीची शासकीय टायपिंग परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि ती आता संगणकावर होते. तिच्यात वेगाच्या उताऱ्यासोबत पत्र आणि तक्ताही असतो.

वेगाची तयारी सगळेच करतात. पत्राच्या मांडणीत मात्र दर वेळी हात कीबोर्डवरून उचलून माउस धरायचा, मेनू शोधायचा आणि परत यायचं, यात सेकंद जातात आणि बोटांची लय तुटते. म्हणून सरावाचं पत्र पहिल्या दिवसापासून शॉर्टकटनेच करावं. परीक्षेच्या दिवशी नवी सवय लागत नाही.

फाइल पाठवण्याआधी दोन मिनिटं

वर्डमध्ये कंट्रोल + शिफ्ट + ८ दाबा. एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतील. प्रत्येक स्पेसला एक ठिपका, प्रत्येक एंटरला परिच्छेदाची खूण. शीर्षकाच्या आधी ठिपक्यांची रांग किंवा दोन परिच्छेदांमध्ये खुणांची उतरंड दिसली, तर तुमचा अर्ज तिथेच मोडणार आहे. ते ठिपके काढा आणि कंट्रोल + ई द्या. त्या खुणा काढा आणि कंट्रोल + एंटर द्या. पुन्हा कंट्रोल + शिफ्ट + ८ दाबलं की खुणा दिसेनाशा होतील.

नंतर एफ-ट्वेल्व्ह दाबून फाइलची एक प्रत पीडीएफ म्हणून सेव्ह करा. पीडीएफमध्ये साधारणपणे फॉन्टही सोबत जातो, त्यामुळे प्रिंट काढणाऱ्याकडे तो नसला तरी अडत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना स्क्रीनशॉट नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि मूळ वर्ड फाइल जपून ठेवा, कारण पुढच्या अर्जात फक्त नाव, तारीख आणि विषय बदलायचा असतो.