नवा फ्लॅट घेतलाय? आधी मेन कॉक शोधा
तर मंडळी, मोशी-चिखलीत पहिलं घर घेतलंय ना? पडदे-बिडदे नंतर. आधी मेन कॉक कुठाय ते शोधा. डक्टमध्ये, गच्चीवर किंवा बाथरूमच्या माळ्यावर असेल. महिन्यातून एकदा फिरवा, नाहीतर जाम होतो.

पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. मग सोसायट्या बोअर, टँकर घेतात. बोअरच्या पाण्यातला क्षार नळाच्या जाळीत अडकतो. धार बारीक झाली? प्लंबरला फोन करण्याआधी जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवा.

क्षार गिझरमध्येही बसतो. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून काही जण सरळ बूच मारतात. अजिबात नको! टाकीतला जादा दाब तिथूनच सुटतो. तो कोंडला तर टाकी फुटू शकते. गळती थांबत नसेल तर व्हॉल्व्ह बदलून घ्या.