मूकपटातला बोलका माणूस

वार्षिक दिनाची तालीम सुरू झाली की नाटक बसवणाऱ्या शिक्षकाची खरी परीक्षा असते. परेड ग्राउंडवर एका हुकुमासरशी अख्खी तुकडी वळते. तीच मुले रंगमंचावर आली आणि त्यांना "हसा" म्हटले, की ओठ हलतात, डोळे मात्र हसत नाहीत. गेल्या वर्षी सहावीतल्या एका छोट्या कॅडेटला मी सांगत होतो, "अरे, भूत पाहिल्यासारखा घाबर." चार वेळा सांगूनही जमेना. पाचव्या वेळी माझा आवाज चढला आणि तो खरोखर घाबरला. पण भुताला नाही, मला.

त्या रात्री मला 'अवर गँग' आठवली. शंभर वर्षांपूर्वी काही माणसांपुढे हीच अडचण होती आणि त्यांनी ती फार शहाणपणाने सोडवली होती. 'अवर गँग' ही अमेरिकेतल्या विनोदी लघुपटांची मालिका. १९२२ ते १९४४ या काळात तिचे २२० लघुपट निघाले आणि १९२९ पर्यंत ते सारे मूकपट होते. कथा अशी विशेष नसायचीच. गल्लीतली सात-आठ पोरे, एखादे कुत्रे, एखादे खेचर, भंगारातून बनवलेली गाडी आणि मोठ्या माणसांची उडालेली धांदल, एवढ्यावर वीसेक मिनिटांचा खेळ व्हायचा.

मालिकेचा निर्माता हॅल रोच. त्याचा स्टुडिओ कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत होता. लॉरेल आणि हार्डी ही जोडी पुढे तिथेच जमली. मालिकेचा जन्म कसा झाला हे रोच स्वतः रंगवून सांगत असे. (निर्माते सांगतात त्या गोष्टींना थोडा मीठमसाला असतोच, तो धरून चाला.) १९२१ साली एका लहान मुलीला अभिनयाची चाचणी द्यायला त्याच्याकडे आणले होते. तोंडभर रंग फासलेला, हावभाव घोकून घेतलेले. ती गेल्यावर रोच खिडकीशी उभा राहिला. समोर लाकडाची वखार होती आणि तिथे काही पोरे फळकुटांवरून भांडत होती. सगळ्यात लहान पोराने सगळ्यात मोठे फळकूट बळकावले होते आणि तो ते सोडायला तयार नव्हता. रोच पाऊण तास नव्हे, पण पंधरा मिनिटे ते भांडण पाहत राहिला. मग त्याच्या लक्षात आले की इतका वेळ आपण त्या घोकलेल्या अभिनयाकडे पाहू शकलो नसतो.

पण वखारीतले भांडण कॅमेऱ्यासमोर आणायचे कसे? पहिला प्रयत्न फसला. फ्रेड न्यूमायर या दिग्दर्शकाने काढलेला पहिला लघुपट रोचने सरळ बाजूला ठेवला आणि रॉबर्ट मॅकगोवन नावाच्या माणसाकडून तो पुन्हा काढून घेतला. न्यूमायर काही कच्चा दिग्दर्शक नव्हता. हॅरॉल्ड लॉइडचे गाजलेले चित्रपट त्याच्या नावावर आहेत. मॅकगोवन तर पूर्वी अग्निशमन दलात नोकरीला होता. मात्र मुलांशी बोलायचे कसे हे त्याला उपजत कळत होते. मुले त्याला 'बॉब अंकल' म्हणत.

त्याची पद्धत अशी. गमती रचायला स्टुडिओत लेखकांचा ताफा होता; पुढे मोठा दिग्दर्शक झालेला फ्रँक काप्राही काही काळ त्यात होता. पण ते कागद मुलांच्या हाती क्वचितच पडत. काहींना वाचता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांनी घोकावे अशी मॅकगोवनची इच्छा नव्हती. प्रसंग चित्रित होण्याच्या अगदी आधी तो प्रत्येक मुलाला तेवढ्यापुरते समजावून सांगायचा आणि कॅमेरा फिरू लागला की तोंडाला कर्णा लावून बोलत राहायचा.

इथेच मूकपटाची खरी मेख आहे. आपल्याला वाटते, मूकपट म्हणजे शांतता. प्रत्यक्षात मूकपटाच्या चित्रीकरणाइतका गोंगाट क्वचितच कुठे असेल. फिल्मवर आवाज उतरतच नव्हता, त्यामुळे दिग्दर्शक दृश्य चालू असताना हवे ते बोलू शकत होता. क्रिकेटच्या सामन्यात सीमारेषेवरून प्रशिक्षक ओरडतो ना, तसेच: "आता मागे बघ... अरे, तो पळाला, पकड त्याला... थांब, टोपी पडली तुझी!" मुलाच्या चेहऱ्यावर उमटायचे ते त्या क्षणी ऐकलेल्या शब्दाचे उत्तर. पाठांतर मध्ये येतच नव्हते. मुलाने सांगितल्यापेक्षा वेगळे काही केले, तर मॅकगोवन त्याला अडवण्याऐवजी उत्तेजनच द्यायचा.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी थोडे आकडे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा. एका फेऱ्यात ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी. हजार फुटांचे रीळ त्या वेगाने दाखवले तर साधारण पावणेसतरा मिनिटे चालेल. आता कॅमेरावाल्याने हात मुद्दाम सैल सोडला आणि सेकंदाला १२ चौकटीच घेतल्या, पण पडद्यावर त्या १६ च्या वेगाने सोडल्या, तर धावणारा पोरगा तीनाऐवजी चार पावले टाकताना दिसतो. जुन्या विनोदी चित्रपटांतली ती तुरुतुरु पळापळ बऱ्याचदा अशी हाताने घडवलेली असे.

१९२३ चा 'डॉग्ज ऑफ वॉर' आपल्या कॅडेट मंडळींनी जरूर पाहावा. पहिले महायुद्ध संपून पाचच वर्षे झाली होती. गँगची पोरे युद्ध युद्ध खेळत आहेत, आणि दारूगोळा म्हणून सडकी फळे आणि भाज्या वापरत आहेत. ऐन लढाईत मेरी नावाच्या मुलीला जवळच्या स्टुडिओतून कामाचे बोलावणे येते. बाकीच्यांनाही सिनेमात काम हवे असते, पण फाटकातून आत कोणी घेत नाही. मग सैन्य गनिमी काव्याने आत शिरते. तिथे त्यांना भेटतो खुद्द हॅरॉल्ड लॉइड, हातातले चित्रीकरण करत असलेला. म्हणजे रोचने आपलाच स्टुडिओ, आपलाच नट आणि आपलीच पोरे घेऊन सिनेमा कसा बनतो याचीच गंमत केली.

मेरी कॉर्नमन ही स्टुडिओच्या छायाचित्रकाराची मुलगी. जॅक डेव्हिस हा लॉइडचा मेहुणा. त्याच वर्षी लॉइडने त्याला गँगमधून काढले आणि मिलिटरी शाळेत घातले. पुढे तो डॉक्टर झाला. आपल्या वाचकांना ही बातमी विशेष आवडेल.

गँगमधला सर्वांत अनुभवी नट होता अर्नी मॉरिसन, 'सनशाइन सॅमी' या नावाने ओळखला जाणारा कृष्णवर्णीय मुलगा. त्याच्या पाठोपाठ आला ॲलन हॉस्किन्स, म्हणजेच 'फरीना', जो पहिल्यांदा पडद्यावर दिसला तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. त्या काळी अमेरिकेच्या कित्येक राज्यांत गोऱ्या आणि काळ्या मुलांना एका शाळेत बसायला कायद्याने बंदी होती. पडद्यावर मात्र ती एकत्र खेळत, भांडत, एकाच गाडीतून उलटून पडत. हे मोठे होते. पण याच लघुपटांत काळ्या मुलांच्या रंगावरून आणि भित्रेपणावरून केलेले विनोदही आहेत, आणि ते आज पाहताना खटकतात. खटकायलाच हवेत. दोन्ही गोष्टी एकाच रिळावर आहेत, एक कापून दुसरी दाखवता येत नाही.

मुलांची शाळा स्टुडिओतच भरायची. फर्न कार्टर नावाच्या बाई त्यांना शिकवत. दिवे लागलेले, पोशाख चढवलेले, आणि मध्येच गणिताचा तास!

१९२९ मध्ये गँग बोलू लागली आणि मॅकगोवनचा कर्णा निकामी झाला. आता दृश्य चालू असताना तो हूं की चूं करू शकत नव्हता. ध्वनिमुद्रणात त्याचाच आवाज आला असता. सगळे सांगणे आधी उरकायचे आणि मग गप्प राहून पाहायचे. तरीही मुलांना संवाद शब्दशः घोकायला लावण्याचे त्याने शक्यतो टाळले. कामाचा ताण मात्र वाढत गेला आणि १९३३ मध्ये त्याने ही मालिका सोडली.

त्याच वर्षी, १९२९ ला, गँगमध्ये जॅकी कूपर हा मुलगा आला. दोन वर्षांनी तो दुसऱ्या कंपनीच्या 'स्किपी' या चित्रपटात नायक झाला. दिग्दर्शक होता त्याच्या मावशीचा नवरा, नॉर्मन टॉरोग. एका प्रसंगात जॅकीला रडायचे होते आणि रडू येत नव्हते. टॉरोगने त्याचा कुत्रा पडद्यामागे न्यायला लावला आणि गोळी झाडल्याचा आवाज ऐकवला. जॅकी रडला, इतका की कुत्रा जिवंत आहे हे दाखवल्यावरही थांबेना. चित्रीकरण उत्तम झाले. टॉरोगला उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले, आणि नऊ वर्षांच्या जॅकीला अभिनयासाठी नामांकन. पन्नास वर्षांनी, १९८१ साली जॅकी कूपरने आत्मचरित्र लिहिले. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'कृपा करून माझ्या कुत्र्याला गोळी घालू नका'.