सोव्हिएत अग्निबाण आणि जर्मन शास्त्रज्ञ : श्रेय कोणाचे?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि जग थक्क झाले. हे यश युद्धात हाती लागलेल्या जर्मन शास्त्रज्ञांचे आहे, असे पाश्चात्त्य देशांत अनेकांनी म्हटले. उलट, सोव्हिएत लिखाणात जर्मनांविषयी दीर्घकाळ जवळजवळ मौनच पाळले गेले. श्रेयाचा असा वाद उद्भवला की प्रचार बाजूला सारून घटनाक्रम तपासावा, असे आम्हांस वाटते.

अग्निबाणाचा विचार रशियाला नवा नव्हता. लहानपणीच्या तापामुळे श्रवणशक्ती गमावलेले कलुगा येथील शाळाशिक्षक त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्येच अवकाशप्रवासाचे गणित मांडले होते. १९३३ मध्ये मॉस्कोतील तरुण अभियंत्यांनी छोटा अग्निबाण उडवूनही दाखविला. परंतु स्टालिनच्या दडपशाहीत या क्षेत्रातील प्रमुख संस्थेचे दोन धुरीण, क्लेइम्योनोव आणि लांगेमाक, १९३८ मध्ये गोळ्या घालून मारले गेले. त्याच वर्षी सेर्गेई कोरोल्योव यांना अटक झाली व पुढे त्यांची रवानगी कोलिमाच्या सोन्याच्या खाणींत झाली. राज्यसत्तेने आपल्याच ज्ञानवंतांचा असा घात केला.

याच काळात जर्मनीत वेर्नहर फॉन ब्राउन यांच्या गटाने पेनेम्युंडे येथे ‘व्ही-२’ क्षेपणास्त्र सिद्ध केले. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी त्याचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. अल्कोहोल व द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारे त्याचे इंजिन सुमारे २५ टनांचा रेटा देई. सोव्हिएत इंजिने तेव्हा दीड टनाच्या आसपास अडखळत होती. मात्र ही क्षेपणास्त्रे घडविली ती नॉर्डहाउझेनजवळच्या भुयारी कारखान्यातील छळछावणीच्या कैद्यांनी. डोरा छावणीसमूहातील सुमारे ६० हजार कैद्यांपैकी अंदाजे २० हजार मृत्यू पावले.

१९४५ मध्ये फॉन ब्राउन अमेरिकनांना शरण गेले. नॉर्डहाउझेनही आधी अमेरिकनांच्याच हाती पडले होते. तयार सुटे भाग व कागदपत्रांचा मोठा साठा त्यांनी हलविला आणि त्यानंतर जुलैमध्ये तो प्रदेश सोव्हिएत ताब्यात आला. बोरिस चेर्तोक, कोरोल्योव आदी अभियंत्यांनी उरलेल्या वस्तू गोळा केल्या आणि तेथील जर्मन तंत्रज्ञांना कामास लावले. फॉन ब्राउन यांचे नियंत्रणशास्त्रातील सहकारी हेल्मुट ग्रोट्रुप हे त्यांतील सर्वांत जाणकार. २२ ऑक्टोबर १९४६ च्या पहाटे सैनिक घरोघरी गेले आणि विविध उद्योगांतील दोन हजारांहून अधिक जर्मन तज्ज्ञांना कुटुंबांसह रशियात नेण्यात आले. अग्निबाण गटातील सुमारे दीडशे जणांना पुढे सेलिगर सरोवरातील गोरोडोमल्या बेटावर ठेवले गेले.

त्यांचे साहाय्य खरे होते. १८ ऑक्टोबर १९४७ पासून कापुस्तिन यार येथे व्ही-२ च्या चाचण्या झाल्या. सुरुवातीची क्षेपणास्त्रे भरकटली, तेव्हा तेथे आणलेल्या जर्मन तज्ज्ञांनी नियंत्रण यंत्रणेतील दोष शोधून दिला. १९४८ मध्ये उडालेले ‘आर-१’ म्हणजे सोव्हिएत कारखान्यांत बनलेली व्ही-२ ची प्रतिकृतीच. ती घडविताना तेथील उद्योग नवे पोलाद, नवे रबर, काटेकोर मोजमाप व तपासणी शिकला. आमच्या मते हीच जर्मनांची सर्वांत मोठी देणगी होय.

परंतु गोरोडोमल्याचा दरवाजा एकाच बाजूने उघडत असे. जर्मनांकडून आराखडे मागविले जात. प्रत्यक्ष बांधणीत त्यांना प्रवेश नसे. ग्रोट्रुप यांच्या क्षेपणास्त्रांचे आराखडे कागदावरच राहिले आणि १९५१ ते १९५३ या काळात ही मंडळी मायदेशी परतली. स्पुटनिक नेणारा ‘आर-७’ त्यानंतर सिद्ध झाला. मध्यवर्ती भागाभोवती चार अग्निबाण बांधण्याची त्याची रचना, तसेच ग्लुश्को यांची चार ज्वलनकक्षांची, केरोसीनवर चालणारी इंजिने हे सोव्हिएत अभियंत्यांचेच काम होते.

तात्पर्य, जर्मनांमुळे सोव्हिएत अभियंत्यांची काही वर्षे वाचली. पुढची वाट त्यांनी स्वतः काढली. हे ऋण मान्य केल्याने कोरोल्योव लहान ठरत नाहीत. मात्र श्रेयाच्या या वाटणीत दोन्ही पक्षांनी डोराच्या कैद्यांना फारसे स्थान दिले नाही. आपल्या मुलांना अवकाशयुगाचा इतिहास सांगताना आपण तो त्या भुयारापासून सांगावा, अशी आमची विनंती आहे.